रविवारचे पाटे

मिलिटरीच्या लिलावातली ती जीप नागपुरात घरी आणली मीच, त्यामुळे तक्रार करायची कोणाकडे? आठवडाभर ती मला आणि माझ्या माणसांना जंगलातल्या रस्त्यांच्या कामावर न्यायची. नाले, दगड, चिखल, कशालाच दाद द्यायची नाही. पण डांबरी रस्त्याला लागली की अंगातलं हाडन् हाड ढिलं करायची. इकडे बायकोच्या कंबरेतला मणका सरकलेला, आणि तिकडे रामटेकला तिचे वडील अंथरुणाला खिळलेले. दर रविवारी तिला त्यांच्याकडे जायचं असे. एसटीच्या गर्दीत उभं राहणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं.

सदर भागातला गाड्यांचा मिस्त्री म्हणाला, "मागच्या स्प्रिंगांचे दोन-दोन पाटे काढून टाका, गाडी नरम होते." काढले. त्या रविवारी बायको खूश. सोमवारी सामान भरून नाल्यात उतरलो तर गाडीचं पोट दगडावर टेकलं, अर्धा दिवस तिथेच गेला. मिस्त्रीला सांगितलं तर म्हणतो कसा, "साहेब, दोन्ही पायजे म्हटलं तर कसं जमन?" मला त्याचा रागच आला. म्हटलं, जमवून दाखवतो.

मग शनिवारी संध्याकाळी पाटे काढायचे, रविवारी परतल्यावर पुन्हा घालायचे. स्वतःच, जीपखाली पाठीवर पडून. सहा दिवस राबायचं आणि सातव्या दिवशी ही हमाली. कन्हानचा पूल मागे पडला तरी माझ्या तोंडातून शब्द निघत नसे. रामटेकला पोचलो की मी बाहेरच्या खोलीत बाजेवर आडवा व्हायचो, ती आत वडिलांजवळ बसायची. उजेड असेपर्यंत परत निघायची घाई असायची. थकलो होतो मी, खरंच थकलो होतो.

एका शनिवारी पान्हा घेऊन जीपखाली शिरलो, तर ती बाहेर येऊन म्हणाली, "अहो, राहू द्या ते. उद्या अशीच जाऊ."

"कंबर मोडेल तुझी. तुझ्यासाठीच करून राहिलो ना मी?"

"मोडू द्या. पण तिथं झोपू नका. माझ्यापाशी बसा."

मी चिडलोच. काहून, म्हणून विचारलं. ती म्हणाली, "बाबा मले ओळखून नाही राहिले. चार रविवार झाले. विचारतात, बाई, तू कोणाची वं?"

त्या चारही रविवारी मी बाजूच्याच खोलीत झोपलो होतो.