आमच्या कुत्र्याची दाढ

जतजवळच्या आमच्या माळावर भरदुपारी लांडगा मेंढरांत शिरला. वडिलांच्या कुत्र्यानं त्याची मान धरली, दोघं दगडांत गडबडा लोळले. वडिलांची काठी बसली तेव्हा कुठं लांडगा पळाला. कुत्र्याची वरची मोठी दाढ त्या झटापटीत चिरली होती, पण ते आम्हाला कळलं नाही.

मग त्याच्या डोळ्याखाली गाठ आली, फुटली, पू वाहू लागला. भाकरीला तोंड लावेना. एक कोकरू नुसतं जवळ आलं, तर त्याचा कान फाडला.

"पिसाळलंय. कुऱ्हाडीनं संपवा," शेजारी म्हणाले.

"पिसाळलं न्हाई. दाढ दुखतीय त्याची," वडील म्हणाले. "मी काढतो."

मी सांगलीहून सुट्टीला आले होते. "आबा, दवाखान्यात नेऊ."

"मेंढरांचं समदं मीच करतो न्हवं? तू धर."

त्यांनी कुत्र्याला बाभळीला जखडलं, जबड्यात लाकूड अडकवलं आणि पक्कड घातली. कुत्रा माणसासारखा किंचाळला. दाढ वरच्यावरच मोडली. लाकूड निसटलं आणि जबडा वडिलांच्या मनगटावर मिटला. मी काठीनं त्याच्या पाठीत हाणत सुटले. तो सोडेना.

"मारू नगंस त्याला!" वडील माझ्यावरच ओरडले. रक्त कोपरावरून ठिबकत होतं. शेवटी त्यानं आपणहून सोडलं आणि थरथरत खाली बसला.

एकाच टेम्पोतून दोघांना सांगलीला आणलं. वडिलांचा हात टॉवेलात, कुत्र्याचं तोंड त्यांच्या पटक्यानं बांधलेलं. वडिलांना टाके पडले, कुत्रा चावल्याची इंजेक्शनं सुरू झाली. पण घरी जायला तयार होईनात, जनावरांच्या दवाखान्यात दारातच उभे राहिले.

डॉक्टरीणबाईंनी कुत्र्याला भूल दिली, हिरडी चिरली, मशीननं दाढेचे तुकडे केले आणि एकेक मूळ हलवत, पिळत उपटलं. शेवटच्या मुळाबरोबर पुवाची चिळकांडी उडाली.

"मुळं आत राहिली असती, तर जबडा सडला असता," बाई म्हणाल्या.

वडील बाहेर जाऊन भिंतीशी ओकले.

कुत्रा आता भाकरी खातो, मेंढरांमागं पळतो. वडिलांची दोन बोटं मात्र मिटत नाहीत. मी गावी गेले की कुत्र्याचे ओठ वर करून हिरड्या बघते, बाईंनी दाखवलं तसं ब्रशनं दात घासते. वडील लांबून विचारतात, "सुजलंय का गं?"

"नाही, आबा."

"बरं. बोट लय आत घालू नगंस."