शेजारचे माजी महापौर

अमेरिकेत नोव्हाय गावी माझ्या मुलाच्या शेजारी राहणारे म्हातारबुवा कॅनडात महापौर होते, पुढे आमदारही झाले. अजून दिसेल त्याला हात करतात, गल्लीतल्या कुत्र्यांनाही नावाने हाक मारतात. मी चौथी नापास, पण एकदा सरपंच होतो, म्हणून त्यांच्या बरोबरीने खुर्ची टाकतो. सून मधे बसून भाषांतर करते.

“शेवटची निवडणूक हरलो,” ते हसत म्हणाले. “दुसऱ्या दिवशी माझे प्रचाराचे बोर्ड मीच उपटले आणि जिंकलेल्या बाईंच्या घरी अभिनंदनाला गेलो.”

“बाबा, तुम्ही हरल्यावर काय केलंत, विचारतायत.”

मी पंचायतीच्या कपाटाची किल्ली घेऊन घरी आलो होतो. शेवटी नव्या सरपंचाला कुलूप तोडावं लागलं.

“सांग, मीपण असंच केलं.”

म्हातारबुवांनी उठून माझा हात दोन्ही हातांत धरला. लाज वाटली, पण किल्ली अजून माझ्याच करगोट्याला आहे.