उजव्या पंखातलं तिसरं पीस

उभ्या भोर संस्थानात माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांइतका निःपक्षपाती माणूस झाला नाही, आणि पक्ष्यांच्या इतका आहारी गेलेलाही दुसरा झाला नाही. बहीण त्यांना मामंजी म्हणायची म्हणून आम्ही माहेरची माणसंही मामंजीच म्हणायला लागलो. पुढे पुढे तर आमचे वडील, वयानं मोठे असूनसुद्धा, आपल्या व्याह्यांना मामंजी म्हणत. मामंजी संस्थानच्या कचेरीत शिरस्तेदारी करून निवृत्त झाले होते. इतकी वर्षं कचेरीत काय केलंत असं विचारलं तर त्यांना फारसं काही आठवत नसे. पण त्यांच्या ढाबळीतल्या कुठल्या कबुतराच्या जोडीला कुठल्या हिवाळ्यात कसल्या रंगाची पिल्लं झाली, हे ते जेवताना हातातला घास तसाच ठेवून सांगत. घरात नातवंडांची बारशी झाली, तेव्हा नावं ठेवताना ते गप्प बसले होते. कबुतराचं एखादं पिल्लू मात्र काळं म्हणायचं की जांभळं, यावर ते चार-चार दिवस स्वतःशीच वाद घालत.

त्यांची आणि आमची पहिली ओळख झाली ती बहिणीला बघायला आले तेव्हा. संध्याकाळची वेळ होती, दिवे लागले होते, पोहे झाले, बहीण येऊन बसली, नमस्कार करून आत गेली. सगळं रीतीप्रमाणे झाल्यावर मामंजी उठले आणि वडिलांना म्हणाले, "मी उद्या सकाळी पुन्हा येतो. दिव्याच्या उजेडात नक्की काही कळत नाही." वडिलांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी ते खरोखरच आले, बहीण अंगणात तुळशीला पाणी घालत होती तिच्याकडे लांबूनच एकवार पाहिलं, आणि चहा न घेता होकार देऊन गेले. पुढे त्यांच्या पत्नीनं, म्हणजे बहिणीच्या सासूबाईंनी, त्या होकाराचं कारण हसत हसत आम्हाला सांगितलं. घरी येऊन ते म्हणाले होते, "मुलगी चांगली आहे. मान सरळ ठेवून चालते आणि दचकत नाही." मामंजींच्या लेखी कुणाही प्राण्याची याहून मोठी स्तुती नव्हती.

दर वर्षी थंडीत भोरला शेतीमालाचं प्रदर्शन भरे. भोपळे, भाताच्या लोंब्या, बैल, यांच्याबरोबर एका कोपऱ्यात शोभेच्या कबुतरांचा मांडव असे आणि तिथे मामंजी परीक्षक असत. ते परीक्षक असल्यामुळे त्यांची स्वतःची कबुतरं कधीच प्रदर्शनात गेली नाहीत. संस्थानातली उत्तम लक्का कबुतरं, मोरासारखी शेपटी उभारून, मामंजींच्या गच्चीवर कुणाच्याही नजरेला न पडता म्हातारी होत. परीक्षेची त्यांची पद्धत ठरलेली होती. मांडवात रंग बघायचा नाही, कारण कापडाची सावली रंगावर पडते. उन्हातही बघायचा नाही, कारण उन्हात कुठलंही कबूतर चमकतं. प्रत्येक पक्षी ते मांडवाच्या मागे भिंतीच्या सावलीत नेत, पंख उघडून पिसांवर हळूच फुंकर मारत, आणि पिसाच्या बुडाशी तोच रंग आहे का ते पाहत. बुडाशी राखाडी निघालं की पक्षी मागे. एकदा एका हौशी दुकानदारानं आपल्या कबुतराच्या फिकट छातीला चहाच्या पाण्याचा हात दिला होता. मामंजींनी आपल्या उपरण्याचं टोक ओलं केलं आणि छातीवरून फिरवलं. उपरण्यावर डाग उमटला तो कायमचा. सासूबाई त्या उपरण्यावरून त्यांना पुष्कळ बोलल्या, पण मामंजींनी ते टाकू दिलं नाही. पुढल्या प्रदर्शनाला ते मुद्दाम डाग वर दिसेल असं खांद्यावर टाकून गेले.

या मांडवात दर वर्षी विंझरहून एक पाटील येत. भातशेती, गुरं, मोठं कुटुंब, आणि या सगळ्यातून सवड काढून पाळलेली मुखी जातीची कबुतरं. मुखी म्हणजे कुणाच्या तरी बोलण्याला सारखा होकार देत असल्यासारखी मान थरथरवणारा पक्षी. त्याचं अंग काळं आणि डोक्यावर टोपी घातल्यासारखं पांढरं. दोन्ही पंखांच्या टोकाला दोन-दोन पिसं पांढरी असली पाहिजेत. बाकी अंगावर कुठेही पांढरं चालत नाही. मामंजी आणि पाटील यांची मैत्री या चार पांढऱ्या पिसांवर उभी होती. पाटील प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी येत आणि मामंजींच्या घरीच उतरत. पण दारात आल्याबरोबर कबुतरांची पाटी शेजाऱ्यांकडे ठेवायची, कारण परीक्षकानं पक्षी आधी पाहता कामा नये, असा मामंजींचा दंडक होता. दोघं मग जेवताना कबुतरं सोडून पावसापाण्याचं बोलत आणि दोघांनाही ते बोलणं अवघड जात असे.

एका वर्षी पाटलांनी आणलेला नर मी पाहिला आहे. पुण्याहून मी बहिणीकडे आलो होतो. मला कबुतरातलं काही कळत नाही, पण मांडवातली माणसं दुसरे पिंजरे सोडून त्याच्यापुढे उभी होती, एवढं मला दिसलं. मामंजींनी तो सावलीत नेला. डोकं पाहिलं, छातीवर फुंकर घातली, डावा पंख उघडला. मग उजवा उघडला आणि तसाच धरून ठेवला. टोकाची दोन पांढरी पिसं जागेवर होती, पण त्यांच्या शेजारचं तिसरं पीस नव्हतंच. तिथे रिकामी फट होती.

"पाटील, हे पीस कुठं गेलं?"

पाटील वाकून बघायला लागले. त्यांनाही ते तेव्हाच दिसलं असावं. "ठाऊक न्हाई," ते म्हणाले. "घरनं निघालो तवा व्हतं. कापूरहोळला मोटारीत पाटी चढवताना लई रेटारेटी झाली, तवा ग्येलं आसंल."

"कुठल्या रंगाचं होतं?"

"काळंच की. दुसरं कुठलं आसंल?"

आता तिथे पांढरं पीस असतं, तर एका पंखात तीन पांढरी आणि दुसऱ्यात दोन, असा तो पक्षी बाद झाला असता. असं नको असलेलं पीस प्रदर्शनाआधी हळूच उपटून टाकायची चाल सगळ्या शौकिनांना ठाऊक होती. मामंजींनी पक्षी पाटलांच्या हातात दिला, मांडवात येऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "विंझरच्या पाटलांचा पक्षी बाद. पीस उपटलेलं आहे."

पाटलांनी पाटीवर फडकं बांधलं आणि ते चालू लागले. घरी सासूबाईंनी त्यांच्यासाठी वांग्याचं भरीत केलं होतं. ते तसंच राहिलं.

"पाटील खोटं बोलले, असं तुम्हाला खरंच वाटतं?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्या वाटण्याचा प्रश्नच नाही. तिथं पीस नाही."

"ते नाही हे आंधळ्यालाही कळेल. उपटलं कुणी, ते विचारतेय मी."

मामंजी गच्चीवर निघून गेले. त्या दिवसानंतर त्यांचं काहीतरी बिनसलं. बहीण सांगायची, की ढाबळीची झाडलोट होते, दाणे टाकले जातात, पण मामंजी कबुतरांशी बोलत नाहीत. कुणी बक्षीस मिळालेल्या पक्ष्यांचं कौतुक करायला आलं की ते विषय बदलत. सासूबाईंनी पाटलांचं नाव पुन्हा काढलं नाही, आणि त्यांची बोलणी खायची सवय असलेल्या मामंजींना ते फार जड गेलं.

शिमग्याच्या सुट्टीत मी पुन्हा भोरला गेलो तेव्हा मामंजी टोपी घालून ओटीवर बसले होते. मला म्हणाले, "गेलेलं पीस महिना-सव्वा महिन्यात परत येतं. आता आलं असेल. विंझरला जाऊन येऊ." मग मोटारीनं कापूरहोळ, तिथून नसरापुरापर्यंत चालत आणि पुढे एका ओळखीच्या बैलगाडीतून आम्ही विंझरला पोचलो. वाटेत त्यांनी तोंड उघडलं ते एकदाच. "काळं आलं असेल तर मी पाय धरीन," ते म्हणाले. पांढरं आलं असेल तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

पाटील गोठ्यात होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, हात धुतले, या बसा म्हणाले. पाटलीणबाईंनी गूळ-पाणी आणलं. मामंजींनी गुळाला हात लावला नाही. पाटील कशासाठी आलात असं न विचारताच आत गेले आणि तो नर घेऊन आले. त्यांनी स्वतःच उजवा पंख उघडून मामंजींपुढे धरला.

तिसरं पीस पुरतं वाढलं होतं. पांढरंशुभ्र होतं.

कबूतर आपलं मान हलवतच होतं.

"तुम्ही हे पाहिलं होतंत?" मामंजींनी विचारलं.

"व्हय. कोंब फुटला तवाच बगितलं."

"मग आता आत गेलात तेव्हा उपटलं का नाहीत? मला काय कळलं असतं?"

पाटलांनी पंख मिटवला. "आता कशापायी उपटू? पयल्यांदा बी म्या उपटलं न्हवतं."

मामंजी एकदम गोठ्यातल्या खाटेवर टेकले. मग ते जमिनीकडे बघत बोलायला लागले, मला की पाटलांना ते कळेना. त्यांच्या एका काळ्या मादीला मांजरानं पंजा मारला होता, जखम भरली आणि त्या जागी आलेली पिसं पांढरी आली, ती शेवटपर्यंत पांढरीच राहिली. पीस मुळापासून ओरबाडलं गेलं की असं होऊ शकतं. म्हणजे तिथलं पहिलं पीस काळं असेल किंवा पांढरं असेल.

"मंग आता कळायचं कसं?" पाटील म्हणाले.

"कळायचं नाही. कधीच कळायचं नाही." मामंजींनी मान वर केली. "हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं, पाटील. पीस नाही एवढं म्हणून मी थांबायला हवं होतं. चुकलो मी."

मला वाटलं, झालं, आता पाटील विरघळतील. पण पाटील विरघळले नाहीत. "हितं गोठ्यात काय बोलता, शिरस्तेदार?" ते शांतपणे म्हणाले. "त्या दिशी भरल्या मांडवात बोलला व्हता." मग घरात हाक मारून त्यांनी आमच्यासाठी पिठलं-भाकरी करायला सांगितली. आम्ही जेवलो. निघताना त्यांनी गाडी जोडून दिली, पण मामंजींना पुन्हा या म्हणाले नाहीत.

पुढच्या थंडीत प्रदर्शन भरलं. पाटील येतात की नाही याची आम्हाला धास्ती होती. ते आले, मात्र मामंजींच्या घरी न उतरता थेट मांडवात, आणि तोच नर घेऊन. पिसं झडून नवी आली होती. तिसरं पीस पुन्हा पांढरंच होतं आणि पाटलांनी ते तसंच ठेवलं होतं. मामंजींनी पक्षी सावलीत नेला, नेहमीसारखाच सगळा तपासला, आणि मांडवात येऊन उभे राहिले.

"मागल्या साली याच जागी मी म्हणालो, की विंझरच्या पाटलांनी पीस उपटलं," ते म्हणाले. "ते मी पाहिलं नव्हतं. मला ते ठाऊक नव्हतं. पाटील खोटं बोलत नाहीत हे मात्र मला चांगलं ठाऊक होतं, आणि तरी मी बोललो. माझं चुकलं. पाटील, सगळ्यांसमोर माफी मागतो."

मग ते त्याच आवाजात पुढे म्हणाले, "पक्षी बाद आहे. उजव्या पंखात तीन पांढरी आहेत."

आधी कुणाला हसावं की नाही कळेना. मग पाटलांनाच हसू फुटलं आणि सगळा मांडव हसला. "आता कसं बोललासा!" पाटील म्हणाले आणि पाटी उचलून थेट मामंजींच्या घरच्या वाटेला लागले. त्या रात्री सासूबाईंनी दोघांना वाढता वाढता दमवलं म्हणतात.

पुढे संस्थान विलीन झालं, प्रदर्शन बंद पडलं आणि मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. शस्त्रक्रियेला ते तयार नव्हते. भोरच्या बाजाराला पाटील येत तेव्हा ते आधी गच्चीवर जात आणि नव्या पिल्लांचे रंग त्यांना सांगत. मामंजी खोदून खोदून विचारत. पाटील न कंटाळता एकेक पंख उघडून सांगत. मी मामंजींना शेवटचं पाहिलं ते असंच, हिवाळ्यातल्या एका सकाळी, घोंगडी पांघरून ढाबळीला टेकलेले. पाटलांनी एक पिल्लू हातात घेतलं होतं आणि ते अडखळले होते.

"काय झालं?" मामंजींनी विचारलं.

"ह्याला कुठला रंग म्हनावा तेच कळंना. पांढरं हाय, काळं हाय, मदीच तांबूस बी हाय. समदाच घोटाळा हाय बगा."

एरवी असलं पिल्लू मामंजींनी त्याच दिवशी कुणाला तरी देऊन टाकलं असतं. त्यांनी हात पुढे केला. पाटलांनी पिल्लू त्यांच्या ओंजळीत ठेवलं. मामंजींनी ते छातीशी धरलं आणि घोंगडीत झाकलं.

"ऊब चांगली आहे हो याची," ते म्हणाले. "राहू दे."