बुटातली दुसरी गादी

आमची पोस्ट बर्फाच्या एका धारेवर होती. कोणता सेक्टर, किती उंची, हे सांगत नाही. त्याची इथे गरजही नाही. उन्हाळा सरता सरता माझं सेक्शन तिथे चढलं. मी हवालदार, सेक्शन कमांडर. माझ्या खालोखाल नाईक रफीक शेख, सेक्शनचा टू-आय-सी. मी साखरखेर्ड्याचा, तो खामगावचा. बटालियनमध्ये बुलढाणा जिल्ह्याचे आम्ही दोघेच, म्हणून आपसात वऱ्हाडी बोलायचो आणि बाकीचे जवान आमच्या बोलण्याला हसायचे.

हे मी रागात लिहितोय, आधीच सांगून टाकतो. सत्काराला बोलावतात, शाल देतात आणि विचारतात, शत्रू किती जवळ होता, गोळी कानाजवळून गेली का? पायांबद्दल आजवर एकानेही विचारलेलं नाही. तिथे शत्रू महिनोन्महिने दिसत नाही. पाय मात्र रोज घालावे लागतात बुटात.

पोस्टवरचा दिवस ठरलेला असे. उजाडायच्या आधी स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यावर सज्ज राहणं, मग बर्फ काढणं, हत्यारांची सफाई. हवा साफ असली की हेलिकॉप्टर खालच्या हेलिपॅडवर रॉकेलचे जेरीकॅन ठेवून जाई. ते पाठीला बांधून वर आणायचे. संध्याकाळी फूट इन्स्पेक्शन. बूट-मोजे उतरवायचे आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदाराची बोटं दाबून पाहायची, पांढरी पडलीत का, काळी पडायला लागलीत का. हुकूम पाय बघण्याचा होता. बुटाच्या आत बघा, असा हुकूम नव्हता. तो कोणाला सुचला नाही, याचाही मला राग आहे.

रफीकची टाच दुखत होती. झोपेतून उठल्यावरची पहिली पावलं तो बंकरच्या भिंतीला धरून टाकी. जरा चालला की मोकळा होई. ज्यांना हे दुखणं आहे त्यांना ती पहिली पावलं ठाऊक असतील, टाचेत खिळा ठोकल्यासारखी.

"काय बे, लंगडून काऊन राह्यला?" मी विचारलं.

"काही नाही, उस्ताद. थंडीनं आखडला."

"सिक रिपोर्ट कर."

"कॅडर होऊ द्या. मंग करतो."

कॅडर म्हणजे हवालदार व्हायचं तर पास करावा लागणारा कोर्स. त्याचा नंबर लागला होता. सिक रिपोर्ट केला असता तर डॉक्टरने लो मेडिकल कॅटेगरी लावली असती आणि कॅडर हातचा गेला असता. शिवाय आमचे सुभेदार साहेब येता-जाता म्हणत, "ज्याचे पाय दुखतात त्याने खाली कुकहाउसमध्ये बसून कांदे सोलावेत." यावर सगळं प्लाटून हसायचं. रफीकही हसायचा. असल्या हसण्यात माणूस आपलं दुखणं गिळून टाकतो.

त्या सकाळी लख्ख ऊन होतं. हेलिपॅडवरून जेरीकॅन घेऊन आम्ही परत चढत होतो, एका हाताने वाटेला कायमचा बांधलेला फिक्स्ड रोप धरून. रफीक पुढे, मी त्याच्या मागे. धारेच्या वळणावर त्याने डावा पाय रोवला आणि तो घोट्यात मुरगळला. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. बूट बर्फात नीट बसलेला होता, जागचा हलला नाही. बुटातला पाय वाकला. पाठीवरच्या जेरीकॅनने त्याला बाहेरच्या बाजूला ओढलं, हातातला रोप सुटला आणि तो खाली नाल्यात गेला.

रेडिओवरचं बोलणं हिंदीत झालं, इथे मराठीत देतो; टायगर म्हणजे खालचं ठाणं, अल्फा वन म्हणजे मी.

"टायगर, अल्फा वन. एक कॅज्युअल्टी, नाल्यात. ओव्हर."

"अल्फा वन, नाव आणि हालत सांगा. ओव्हर."

"नाईक रफीक. शुद्धीत आहे, हाकेला ओ देतोय. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"खाली ढग भरलेत. वाट पाहा. आऊट."

मी रोपवरून खाली उतरलो. रक्त कुठेच नव्हतं. मार आतला होता.

"उस्ताद, बूट काढा," तो म्हणाला. "लय आवळून राह्यला."

बर्फात जखमीचा बूट काढत नाहीत. मी काढला. आत सरकारी नमद्याची, दाबलेल्या लोकरीची गादी होती, आणि तिच्यावर बाजारातली दुसरी, निळी, जाडजूड, जेलची. बर्फाचा बूट दोन मोज्यांच्या मापाने घेतलेला असतो; त्यात ही भर. बोटं पुढे चेपून पांढरी पडली होती. पाय आतल्या आत इतका वर आला होता, की टाचेला धरून ठेवणारी बुटाची मागची वाटी खालीच राहिली होती. ज्या टाचेला बुटाने धरलेलंच नाही, ती वळणावर वाकणार नाही तर काय होणार?

त्याचा पाय मी माझ्या जॅकेटच्या आत, पोटाशी घेतला.

"आता बरं वाटते," रफीक म्हणाला. त्यानंतर तो फार बोलला नाही. ढग हटले नाहीत. दुपार कलली तेव्हा तो गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. निष्कर्ष निघाला, बर्फावरून पाय घसरून मृत्यू. मी पाहिलं ते सांगितलं. टेबलापलीकडून उत्तर आलं, "त्याने काय फरक पडतो, हवालदार?" तळपायाची आग मस्तकाला गेली. सॅल्यूट केला आणि बाहेर आलो. पुढे रिटायर झालो, तरी ते वाक्य पायात मोडलेल्या काट्यासारखं राहिलं.

गेल्या हिवाळ्यात नसीमभाभीचा फोन आला. रफीकची बायको. खामगावला एका शाळेत पोरांची खिचडी शिजवते, तासन् तास चुलीपुढे उभी. तिचीही टाच धरली होती. डॉक्टरांनी बुटात आर्च सपोर्ट, म्हणजे तळपायाच्या कमानीला टेकू, घालायला सांगितला होता. उभं राहता आलं नाही तर शाळेतलं काम दुसरीला मिळेल, याची तिला धास्ती.

"भाऊ, तुमाले बुटाचं समजते. संगं चालता का?"

गेलो. दुकानदाराने काउंटरवर गाद्यांचा ढीग मांडला. "दाबून पाहा ताई, निरा लोणी! तुमच्या बुटात आहे त्याच्यावरच टाकून द्यायची." भाभी एकेक गादी अंगठ्याने दाबून पाहायला लागली. आमच्याकडे सगळे असंच करतात. सोफा असो, उशी असो, बुटातली गादी असो, अंगठा रुतला की माल चांगला.

माझा तोल सुटला. "आधीची गादी काढ अगोदर!" मी ओरडलो. रस्त्यावरचे लोक थांबून आत बघायला लागले. "अंगठ्याने चालणार आहेत का त्या? दुखणं तळपायाच्या कमानीचं, आणि तू टाचेखाली लोणी भरतोस! आजार म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला! कमानीला टेकू देईल अशी कडक दाखव. पूर्ण वजन टाकलं तरी दबणार नाही अशी. ती घालून चालू दे त्यांना, त्यांच्या रोजच्या मोज्यावर. टाच वर उचलली गेली तर बूट बदल, मोठा दे, खोल दे. गादीवर गादी घालू नको!"

दुकानदार कडक गाद्या शोधायला मागच्या फळीकडे वळला. भाभीच्या हातात एक निळी गादी तशीच राहिली.

"त्यायच्यासाठी बी म्या अशाच घेतल्या होत्या," ती म्हणाली. "सुट्टीत आले होते तवा. यातले सगळ्यात नरम पाहून. मंग त्यायची ट्रंक आली, त्यात काही दिसल्या नाहीत." तिने वर पाहिलं. "त्या रोजी बुटात होत्या का, भाऊ?"

"नाही," मी म्हणालो. "बर्फ होतं. पाय घसरला."

इन्क्वायरीच्या ज्या निष्कर्षाला इतकी वर्षं शिव्या घातल्या, तोच माझ्या तोंडून निघाला.

"मंग तुमी इतके रागावले काऊन?"

तिथेच स्टुलावर बसून तिला सगळं सांगितलं. वळण, जेरीकॅन, बूट, तो शेवटी काय बोलला ते. ती रडली नाही. निळी गादी तिने ढिगात परत ठेवली.

"म्हणजे घालत होते," ती म्हणाली. "मले वाटे, फेकून देल्या असतील. पन भाऊ, टाच दुखते हे तर मले त्यायनं आल्या दिवशीच सांगतलं होतं. तुमाले नव्हतं सांगतलं?"

नव्हतं सांगितलं. खामगावला बायकोला सांगितलं, आणि हातभर अंतरावर झोपणाऱ्या सेक्शन कमांडरला थंडीचं कारण दिलं. तिने बाजारात मिळालं ते मायेने घेतलं. तिच्यावर राग धरणारा माणूस नालायक. माझा राग त्या कांदे सोलण्याच्या विनोदावर आहे, आणि दुखणं बोलणाऱ्याची बढती अडवणाऱ्या रीतीवर आहे. आमच्या भागात आता गावोगाव भरतीसाठी पळणारी पोरं आहेत. तीही टाच दाबत पळतात आणि कोणाला सांगत नाहीत. दिसली की मी त्यांना सर्वांसमोर झापतो.

भाभीने बुटातली जुनी गादी काढली, कडक आर्च सपोर्ट बसवला आणि दुकानाच्या दारापर्यंत चालून परत आली.

"टाच हालत नाही," ती म्हणाली.

त्याच बुटात ती बसस्टँडकडे गेली. मी दारात उभा राहून तिचं पाऊल बघत होतो.

नाईक रफीक शेख, माझ्या सेक्शनचा टू-आय-सी, राहणार खामगाव. त्याचा पाय घसरला नव्हता. त्याची टाच दुखत होती.