पाणकोंबडी आणि कुवाकोंबडी

शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे शुद्धलेखन चुकेल आणि अक्षरही वेडंवाकडं येईल, माफ करावं.

मनवेलपाड्यात आमच्या चाळीमागचं तळं मातीने बुजवायला घेतलं, तेव्हा गवतातल्या घरट्यातून पाणकोंबडी पळाली. अंडी तशीच राहिली. शेजारच्या काकी मूळच्या आगाशीच्या. त्या म्हणाल्या, "अगं, पानकोंबडी म्हणजे पान्यातली कोंबडीच. ठेव तुझ्या खुडूक कोंबडीखाली." मी ठेवली.

काळीकुट्ट पिल्लं बाहेर आली तेव्हा मी नाचायचीच बाकी होते! पण कोंबडी दाणे टिपून दाखवायची आणि पिल्लं नुसती चोच उघडून उभी राहायची. दुसऱ्या दिवशी पिल्लं मलूल झाली.

"पानकोंबडी नावाला कोंबडी, पन हिची तऱ्हाच वेगळी. ही पोरांना भरवते वाटतं," काकी हळहळल्या.

तेवढ्यात तळ्याच्या उरलेल्या कोपऱ्यातून 'कुवाक, कुवाक' ऐकू आलं. कोकणात माझ्या माहेरी याच पक्ष्याला कुवाकोंबडी म्हणतात, ते या ओरडण्यावरूनच. म्हणजे पिल्लांची आई तिथेच असणार! मी पिल्लं टोपलीत घालून पळत सुटले.

"अगं, चप्पल तरी घाल!" काकी मागून ओरडल्या.

मी टोपली गवतापाशी आडवी केली. पिल्लांनी चिवचिव करताच पांढऱ्या तोंडाची पाणकोंबडी शेपटी हलवत बाहेर आली आणि चोचीतला किडा तिने एका पिल्लाला दिला. एरवी चाळीत माझा आवाज कुणाला ऐकू जात नसे, पण त्या दिवशी मी चिखलातून ओरडले, "काकी, भरवलं! भरवलं!"