तानुबाईचा रागातला फोटो

धाडच्या बसस्टँडजवळ शकीलचा फोटो स्टुडिओ आणि माझं वह्या-पुस्तकांचं दुकान एकाच भिंतीला लागून आहेत. हा माणूस वर्षानुवर्षं माझ्या डोक्यात जायचा. स्टुडिओत तो कुणालाही 'हनुवटी खाली घ्या' म्हणून दरडावणार, आणि बाहेर अनोळखी माणूस समोर आला की याच्या तोंडातून शब्द फुटणार नाही.

मोबाइल आल्यावर त्याच्याकडे काम उरलं ते मेलेल्यांच्या फोटोंचं. लोक आधार कार्ड घेऊन यायचे. शकील त्यातलं डोकं कापून कॉम्प्युटरमधल्या तयार अंगावर बसवायचा, पुरुषांना कोट आणि बायकांना जरीचं लुगडं. जन्मभर बंडीत वावरलेले नारायणराव असेच कोट घालून भिंतीवर गेले. त्यांची नात म्हणाली, हे आमचे आबा नाहीत. ते शकीलला फार लागलं.

त्याने ठरवलं, माणसं जिवंत आहेत तोवरच आठवडी बाजारात त्यांचे फोटो काढून ठेवायचे. पण विचारायची लाज वाटे, म्हणून टेम्पोच्या आडून चोरून काढायला गेला. मिरचीवाल्या तानुबाईने त्याला पकडलं. हा मेलेल्यांचे फोटो करतो, असं कुणीतरी सांगितल्यावर तर ती आणखीच भडकली. भर बाजारात तिने त्याची शोभा केली आणि फोटो पुसायला लावला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

पुढचे चार बाजार तो कॅमेरा पिशवीत घेऊन गेला आणि तसाच परत आला. मी त्याला तोंडावर भित्रा म्हटलं. पाचव्या बाजारी तो, बहुतेक माझ्यावरच्या रागाने, सरळ तानुबाईसमोर जाऊन उभा राहिला. मीही गंमत बघायला मागोमाग गेलो.

"मावशी, तुमचा एक फोटो काढू काय?"

"काऊन? मी मरून राह्यली काय?"

आजूबाजूचे हसले. आता हा पळणार, असं मला वाटलं.

"मराचं तं सगळ्याइलेच हाये, मावशी. पण मंग मले तुमचं डोकं कापून दुसरीच्या अंगाले लावा लागते. ते मले करायचं नाही."

हसणं थांबलं. तानुबाईने तराजू बाजूला ठेवला, पदर सावरला आणि त्याच्याकडे अशी खुनशी नजर रोखली, की मीच मागे सरलो.

"काढ," ती म्हणाली. "पण मी हासणार नाही."

हिवाळ्यात तानुबाई गेली. तिचा मुलगा स्टुडिओत आला. शकीलने त्याला बाजारातला तो फोटो दाखवला. आई फार रागात दिसते, जरा हसरी करा, जरीचं लुगडं चढवा, म्हणाला. शकीलने कॉम्प्युटर चालूसुद्धा केला नाही.

"नाही होणार. तुह्या मायनं मलेच असं पाह्यलं होतं. ते तसंच राहीन."

आयुष्यात पहिल्यांदा शकील गिऱ्हाइकाला नाही म्हणाला. मुलगा चिडला, मोबाइलवर तो फोटो तेवढा घेतला आणि वाट्टेल ते बोलून निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच परत आला. आहे तसाच करून द्या, म्हणाला. मोबाइलवर सासूची ती नजर पाहताच त्याच्या बायकोने आधी डोक्यावर पदर घेतला होता.