टेकाडाची माती

भरमू कुंभार नंदगडच्या वाटेवरच्या एका लहान गावचा. साठी ओलांडली तरी चाक हातानंच फिरवायचा. दोन वर्षांपूर्वी गावतळ्याभोवती सिमेंटची भिंत उठली आणि तिथून मिळणारी त्याची माती तुटली. मग तो माळावरच्या टेकाडाची माती आणू लागला. टेकाडाभोवती मोठाल्या धोंड्यांचं कडं होतं. तिथं कुणी नांगर घालत नसे, गुरंही सोडत नसे. का, ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं.

माती लोण्यासारखी मऊ. तिच्यात पांढरे खडे निघत. चुनखडी समजून तो ते वेचून टाकी. चुन्याचा कण राहिला की मडकं भाजल्यावर तडकतं. पण ही मडकी तडकली नाहीत. अख्खा उन्हाळा गाव त्यांतलंच पाणी प्यायलं.

यंदा मे संपताना खणता खणता त्याची कुदळ एका दगडी फरशीवर आपटली. फरशी सरकवली तर खाली मडकं, बाहेरून तांबडं, आतून काळं. त्यात तेच पांढरे खडे होते. भरमूनं एक उचलून अंगठ्यानं पुसला. तो दात होता. लहान मुलाचा.

घरी येऊन त्यानं बायकोला, जयाबाईला सांगितलं. तिनं त्याच्या हातांकडं बघितलं.

“कुणाला सांगू नगासा,” ती म्हणाली. “पर मडकी परत आणा.”

दुसऱ्या दिवसापासून तो घरोघर फिरला.

“मनुआक्का, ते मडकं द्या. पैसं परत देतो.”

“का रं भरमू? पाणी लई गार हुतंय की!”

“भाजणीत चूक झालीया.”

लोक हसले, पण देत गेले. सगळी मडकी त्यानं धोंड्यांच्या कड्याच्या आत पुरली. एक राहिलं, येळ्ळूरला दिलेल्या लेकीचं. ऋतिकाला सातवा महिना होता.

“न्हाय द्यायची, आप्पा,” ती म्हणाली. “ह्याच पाण्यानं जिवाला बरं वाटतंय. प्यालं की पोरगं लगीच हलतंय बघा.”

तिनं तांब्या भरून पुढं केला. भरमू पाणी प्यायला आणि काही न सांगता बस धरून परत आला.

आता श्रावण लागलाय. चाक भिंतीला टेकवून ठेवलंय. येळ्ळूरचा फोन आला की जयाबाईच उचलते. तिचं बोलणं संपेतोवर भरमू अंगणात उभा असतो.